रकान्यातलं माझं नाव

एसटीतून फाट्यावर उतरले की हॉटेलाच्या बाकड्यावर बसलेली माणसं एकमेकांना सांगायची, "आली आपत्ती." पहिले काही दिवस मला ते लागायचं. मग ध्यानात आलं की ही त्यांची रामराम घालायची तऱ्हा आहे. असं म्हणणाऱ्यांपैकीच कुणीतरी उठून माझ्या हातातली तक्त्यांची गुंडाळी घ्यायचं आणि शाळेपर्यंत आणून द्यायचं. खांद्यावरच्या पिशवीत दोर, शिट्टी, जखमेला बांधायच्या पट्ट्या आणि नोंदवही असायची. भूकंप झाला, पूर आला, वीज पडली, आग लागली तर गावानं स्वतःला कसं सावरायचं, हे शिकवायची माझी नोकरी होती. बाहेरची मदत पोचेपर्यंतचा वेळ गावाचा असतो, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन.

मोठा भूकंप होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. तो झाला तेव्हा मी देगलूरजवळच्या आमच्या गावी होते, शाळेत शिकत होते. आमच्याकडं फळीवरची ताटं वाजली, एवढंच. वडील म्हणाले, मांजर असेल, आणि आम्ही कूस बदलून झोपलो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर सगळं कळलं. पुढं या पट्ट्यातल्या गावांत काम करताना कुणी विचारलं, "तुमच्याकडं काय झालं होतं, म्याडम?" तर मला त्या मांजराची लाज वाटायची.

वडील शाळेत शिपाई होते. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मुख्याध्यापकांनी एकदा वडिलांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "हिला थांबवू नका." तेवढ्या एका वाक्यावर मी नांदेडला कॉलेजात गेले आणि पदवी घेऊन आले. नोकरीचं पत्र आलं तेव्हा वडील ते शर्टाच्या खिशात घालून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांपुढं उभ्यानंच वाचून दाखवलं. या दोघांचं माझ्यावर काय आहे ते मला सांगता येत नाही. म्हणून नोकरीत मी एकही कागद अर्धा सोडायची नाही. पुढं जी चूक झाली तिच्यात या सवयीचाही भाग होता.

राहायला मला लातुरात खोली घ्यावी लागली. लातूर त्या वर्षांत शिकवण्यांचं शहर झालं होतं. चौकात क्लासचे फलक, त्यांवर मागच्या वर्षी नंबरात आलेल्या मुलामुलींचे फोटो, आणि गल्ल्यांमधून घरमालकांनी एकावर एक चढवलेले मजले. अशाच एका घरात तिसऱ्या मजल्यावर, एका मोठ्या खोलीचे प्लायवूड लावून तीन भाग केले होते. त्यातला एक माझा. बाजूच्या भागात बारावीची एक मुलगी होती. तिचा चेहरा मी नीट पाहिलेला नव्हता, आवाज मात्र पाठ होता. ती जीवशास्त्र मोठ्यानं वाचायची. मी भाकरीबरोबर तिच्या पेशी ऐकायची. माझी बस आणि तिचा क्लास यांच्या वेळा कधी जुळल्या नाहीत. मेसवाला आमचे दोन डबे जिन्याच्या कठड्यावर एकमेकांना टेकवून ठेवून जायचा. रविवारचा अख्खा दिवस एक शब्दही न बोलता जायचा, आणि सोमवारी कंडक्टरला गावाचं नाव सांगताना मला आधी घसा साफ करावा लागायचा.

ज्या गावाचं सांगते आहे ते औशाच्या पुढं होतं. जुनं गाव पडल्यावर थोड्या अंतरावर माळावर नवं बांधून दिलेलं. रुंद सरळ रस्ते, ओळीनं घरं, प्रत्येक घराला नंबर. घरं जमिनीच्या मानानं मिळाली होती. जास्त जमीनवाल्यांना मोठी, मोठ्या घरांच्या ओळीत. बिनजमीनवाल्यांना लहान, लहान घरांच्या ओळीत. जुन्या गावात ज्यांची भिंतीला भिंत होती, एका दारातलं कालवण दुसऱ्या दारात जात होतं, ती माणसं नव्या गावात चार दिशांना गेली.

पहिल्या दिवशी मी बायकांना शाळेपुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला सांगितला. धोका कुठं आहे, मोकळी जागा कुठं आहे, हे त्यांच्याच हातून यावं अशी ती पद्धत आहे. बायका रंगात आल्या. वेस काढली, पार काढला, आड काढला, वळत वळत जाणाऱ्या गल्ल्या काढल्या. एकजण दुसरीच्या हातावर चापट मारून म्हणत होती, "तुझं दार हिकडं कुठं गं, उकिरड्याच्या अंगाला होतं की." बराच वेळ गेल्यावर मला कळलं की त्या पडलेलं गाव काढताहेत.

"ते नको," मी म्हटलं. "आत्ताचं काढा."

"आत्ताचं काय काढायचं, म्याडम," एक बाई म्हणाली. "ते वहीच्या पानावानी हाय." आणि तिनं चिमटीतून सहा सरळ रेघा ओढून हात झटकले. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि त्या सहा रेघा वहीत उतरवून घेतल्या. खरं म्हणजे मी तिथंच थांबून विचार करायला हवा होता.

नंतरच्या फेरीत यादी करायची होती. ज्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही अशी माणसं एका रकान्यात, म्हातारी, आंधळी, अंथरुणावरची, पोटुशी. पुढच्या रकान्यात त्यांना बाहेर आणणाऱ्याचं नाव. इशारा झाला की त्या माणसानं इकडंतिकडं न बघता त्या घरी जायचं आणि तिथल्या माणसाला शाळेच्या मैदानावर आणायचं. इशारा म्हणून मशिदीचा भोंगा ठरला. तो बॅटरीवर चालायचा, वीज गेली तरी अडत नव्हतं. देवळाची घंटा कुणीतरी सुचवली, तर पुजारीच म्हणाले, "ती पोरं कवाबी वाजवतेत. कोन उठायचं?"

नावं भराभर आली. जो तो हात वर करून जिम्मा घेत होता. मी लिहीत गेले. घरनंबर ताडून पाहायचं मला सुचलं नाही.

एका नावापाशी यादी अडली. मागच्या ओळीत एक आजी एकट्या राहत होत्या. गुडघे गेलेले, काठी घेऊन दारापर्यंत येणंच कसंबसं.

"त्यांच्या गल्लीतलं कुनी ऱ्हायलं न्हाई," माझ्याजवळ बसलेली बाई हळू आवाजात म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "म्होरलं नाव घ्या, म्याडम."

बैठक संपल्यावर मी आजींच्या घरी गेले. दोन खोल्यांचं पक्कं घर त्यांनी जळणाला आणि तुरीच्या पोत्यांना दिलं होतं, आणि स्वतः पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. त्या गावात असं पुष्कळजण करायचे. डोक्यावर स्लॅब नको. आजी बाजेवर बसून डाळ निवडत होत्या आणि कुंपणापलीकडच्या बाईशी त्यांचं भांडण चाललं होतं. पलीकडं एका शिलाईकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबाचं घर होतं. त्या घरच्या बाईला सगळे चाची म्हणत. चाचीच्या बकरीनं आजींचा वालाचा वेल ओरबाडला होता.

"तुझी बकरी माझा येल खाऊन ऱ्हायली अन् तू बघून ऱ्हायली."

"तुमचा येल माझ्या कुंपनावर कामून येतो? बुलावा किसने दिया?"

"येल हाय तो. त्याला काय कागद दाखवून येनं हाय?"

मी मध्ये उभी. भांडण थांबल्यावर मी विचारलं, "आजी, भोंगा झाला तर तुम्हांला मैदानावर कोण आणणार? नाव लिहायचं आहे."

"ऱ्हाऊ दे रिकामं."

"रिकामं नाही ठेवता येत."

"मंग लिव कुनाचं बी."

मी पेन धरून उभी राहिले. तो रिकामा रकाना मला बघवत नव्हता. त्यात अर्धं आजींबद्दल होतं आणि अर्धं माझ्या कागदाबद्दल, हे आज कळतं. चाचीचा विचारही मनात आला नाही. नुकतंच तर मी त्यांना एकमेकींवर बोटं नाचवताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "मग माझं लिहिते."

आजींनी सुपातला हात थांबवला. "तू येशील?"

"येईन की."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग आत बोट करून म्हणाल्या, "फळीवर डबा हाय. त्यातले शेंगदाने घे अन् मग जा." मी शेंगदाणे खात खात फाट्यावर आले. लातूरहून त्या गावाला यायला दोन बस लागायच्या. पण त्या दिवशी मला बरं वाटत होतं. कुणाच्या तरी नावापुढं माझं नाव होतं.

भूकंप झाला असं धरून यादीप्रमाणं माणसं बाहेर आणायच्या सरावाचा दिवस उजाडला. सकाळी दहाच्या सुमाराला भोंगा झाला. मी मैदानात, हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी. आणि गावात जे सुरू झालं ते मी कुठल्या प्रशिक्षणात पाहिलं नव्हतं. पहिल्या ओळीतली माणसं शेवटच्या ओळीकडं पळत होती, शेवटच्या ओळीतली पहिलीकडं. एक गडी दारात बसलेल्या लंगड्या म्हाताऱ्याला ओलांडून सरळ पुढं गेला, कारण त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाचा आपला जुना शेजारी आणायचा होता. त्या लंगड्या म्हाताऱ्याला न्यायला येणारा त्याच वेळी तिकडून धावत होता. चौकात तिसऱ्याच दोघांची टक्कर झाली. एकाच्या पाठीवर म्हातारा होता, तो वरून ओरडला, "अरे, बघून चाल, मी वर हाय." मैदानात हशा पिकला.

मी हसू शकले नाही. त्यांनी पळताना जो नकाशा वापरला तो रांगोळीतला पहिला होता. जुनी गल्ली ती गल्ली. नव्या ओळीत बाजूला राहणारा माणूस इतकी वर्षं बाजूलाच होता, त्याला शेजारी कुणी केलंच नव्हतं. संक्रांतीचं वाण, व्यालेल्या गायीचा चीक, लेकीच्या बाळंतपणाचा निरोप, सगळं अजून जुन्या पत्त्यावर जात होतं.

माणसं पोचली तशी मी यादीवर खुणा करत गेले. शेवटी एक खूण राहिली. मी पानावर नाव पाहिलं आणि पुढच्या रकान्यात माझं नाव पाहिलं. शिट्टी तोंडातच होती.

तेवढ्यात चाची आली. श्वास लागलेला, हातात बकरीचा कासरा. "म्याडम, बुढी आयी नै," ती म्हणाली.

मी पळाले. आजी शेडच्या तोंडाशी बाजेवर बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, चापून बसवलेले केस, मांडीवर गाठोडं, काठी हातात. त्या तयार होऊन बसल्या होत्या.

"आलीस का," त्या म्हणाल्या.

"आजी, मी तिकडं मोजत होते."

"शिट्टी आयकली मी. म्हनलं, वाजवून झाली की येईल."

चाची माझ्या मागोमाग आली होती. "मैं पहले आयी थी," ती मला म्हणाली. "हात बी धरली. नक्को बोली. कागदावर म्याडमचं नाव हाय बोली. खरा भूकंप असता तर?"

"तर काय," आजी म्हणाल्या. "हिची मोजनी चालू असती."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. म्हणून ते जास्त लागलं. मी खाली बसले. चाची आल्या होत्या तर त्यांच्याबरोबर का आला नाहीत, असं विचारलं. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"माझ्या गल्लीत तिघी होत्या," त्या म्हणाल्या. "येकीचं दार समोर, दोघींचं दोन बाजूला. हाक मारली की तिघी ओ देतेत. हिला शेजारीन म्हनलं की त्या तिघी खलास झाल्या, पोरी. मी अजून केल्या न्हाईत खलास."

चाची कासरा हाताला गुंडाळत होती. ती म्हणाली, "नका म्हनू शेजारीन. मला काय पडली? पन उचलू तर द्या."

मी वही उघडली. "आजी, मी खोटं लिहिलं होतं," मी म्हटलं. "मी लातुरात असते. मला यायला दोन बस लागतात. मी आले नसते."

"ठाव हाय मला. एसटी काय मी पाह्यली न्हाई?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"इतक्या वर्सांत माझ्या म्होरं कुनी आपलं नाव लिवलं नव्हतं. ऱ्हाऊ दिलं."

मी माझ्या नावावर रेघ मारली.   बकरी वेलाकडं मान लांबवत होती. आजींनी काठी आपटून तिला हुसकलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "लिव. बकरीवाली."

"नाव सांगा ना त्यांचं."

"बकरीवाली लिव म्हनते ना. कुनाला कळायचं ऱ्हाईल का?"

मी चाचीकडं पाहिलं. तिनं खांदे उडवले. "लिखो. बकरीवालीच हूँ." मग आजींना म्हणाली, "चला, उठा. मैदानात सगळे थांबलेत. तुमच्या एकीमुळं गाव उन्हात हाय."

चाचीनं एका अंगानं धरलं, मी दुसऱ्या. निम्म्या वाटेवर आजी थांबल्या, मला वाटलं दम लागला. पण त्यांना विचारायचं होतं. "तुझ्या नावाम्होरं कोन हाय?"

"माझ्या?"

"तिकडं लातुरात. भोंगा झाला तर तुला कोन आनतंय?"

"मी भाड्याच्या खोलीत राहते, आजी."

"भाड्याच्या खोलीला बाजू नसती का?"

 चाची म्हणाली, "पढीलिखी है, खुद आयेगी," आणि आम्ही पुढं निघालो. मैदानात माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाल्या, "गप बसा, भूकंप हाय."

त्यानंतर मी त्या गावची यादी पहिल्यापासून केली. एका रकान्याचे दोन केले. एकात जुन्या गल्लीतलं नाव, कारण ते काढून घ्यायचा मला हक्क नव्हता. दुसऱ्यात बाजूच्या घरातलं, नंबर ताडून. आधी बाजूचा धावेल, मग गल्लीचा येईल. आमच्या ऑफिसात साहेब म्हणाले, छापील नमुन्यात एकच रकाना आहे. मी म्हटलं, पट्टीनं मधे रेघ मारली आहे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि सही केली. पुढं ज्या ज्या नव्या वसवलेल्या गावात गेले तिथं मी आधी बायकांना पडलेलं गाव काढू दिलं. मधे बोलले नाही.

पण हे नंतरचं. सरावाच्या दिवशी संध्याकाळी मी लातूरला परतले. जिन्यात दोन डबे एकमेकांना टेकून होते. मी दोन्ही उचलले आणि बाजूच्या दारावर टकटक केली. आतलं वाचन थांबलं. दार थोडं उघडलं, मधेच कशाला तरी अडलं. फटीतून मुलीचा चेहरा दिसला. मी मनात धरली होती त्याहून ती लहान होती, आणि चष्मा होता. पुस्तकात बोट तसंच.

"काय, ताई?"

मी तिचा डबा पुढं केला. तिनं घेतला. तरी मी तिथंच. "तुमचं दार आत उघडतं," मी म्हटलं.

"हो."

"मागं काय ठेवलं आहे?"

"पुस्तकं."

"तिथं नका ठेवू. हादरा बसला तर ढीग कोसळेल आणि दार उघडायचं नाही."

तिनं ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिला उद्या चाचणी असणार. "बरं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझ्या वाचण्याचा त्रास होतो का तुम्हांला? म्हणून आलात का?"

"नाही, नाही."

"मी हळू वाचत जाईन," ती म्हणाली आणि दार लागलं.

प्लायवूडच्या पलीकडं पुस्तकं सरकवल्याचा आवाज आला. एक खेप, दुसरी खेप, तिसरी. मी माझ्या बाजूला कॉटवर बसून नोंदवही काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. पहिल्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहायला गेले तेव्हा ध्यानात आलं की मी तिचं नाव विचारलंच नाही. मी लिहिलं, पेशीवाली.

मग डबा उघडून जेवायला बसले आणि पलीकडचा आवाज सुरू व्हायची वाट पाहिली. त्या दिवसापासून ती मनात वाचू लागली. कान दिला तर मधूनमधून पान उलटल्याचं तेवढं ऐकू यायचं.